कान्हेरीच्या लेखांचे वाचक

१

साष्टी बेटाच्या मध्यभागी, आजच्या बोरिवलीच्या पूर्वेस, डोंगराच्या कुशीत कान्हेरीची लेणी कोरलेली आहेत. त्यांची संख्या शंभराहून अधिक असून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून पुढे सुमारे सहस्र वर्षे तेथे भिक्षुसंघाची वस्ती कमीअधिक प्रमाणात टिकून होती. प्राचीन लेखांतून या स्थानास ‘कण्हसेल’ अथवा ‘कृष्णगिरि’ अशी नावे आढळतात. शूर्पारक, कल्याण, चेमूल ही बंदरे आणि घाटमाथ्यावरील नगरे यांच्याशी या विहाराचे निकटचे संबंध होते. व्यापाऱ्यांनी लेणी खोदविली, गृहिणींनी पाण्याच्या पोढी करविल्या, उपासकांनी भिक्षूंच्या चीवरांसाठी अक्षयनीवी ठेवल्या. आंध्र-सातवाहनांच्या काळात कोकणपट्टीचे समाजजीवन कसे होते, याविषयी आज जे काही निश्चयाने सांगता येते, त्याचा फार मोठा भाग या डोंगरावरील लेखांवर आधारलेला आहे.

हे लेख कोणी आणि कसे वाचले, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या अभ्यासक्रमात सहसा विचारला जात नाही. ग्रंथात छापलेला पाठ विद्यार्थी जसाच्या तसा स्वीकारतो. त्या पाठामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचे परिश्रम आहेत, त्यात चुका आहेत, त्या चुकांच्या दुरुस्त्या आहेत आणि या दुरुस्त्या करणारी माणसे आहेत, याची जाणीव त्याला क्वचितच असते. विशेष असे की, या कार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी कोणाचाही मूळ व्यवसाय पुराभिलेखविद्येचा नव्हता. एक लष्करी नोकरीतील वैद्य, दुसरा लोहमार्गाचा अभियंता, तिसरा मुंबईतील धन्वंतरी आणि चौथा जुनागडहून आलेला, कोणतीही विद्यापीठीय पदवी नसलेला पंडित. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी या विद्येचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका विदुषीने हे कार्य पूर्णत्वाच्या जवळ नेले. या परंपरेचा मागोवा घेतला असता विद्याव्यासंगातील चिकाटी म्हणजे नेमके काय, यावर काही प्रकाश पडतो.

२

प्रथम अडचणींचे स्वरूप ध्यानात घेणे अवश्य आहे. कान्हेरीचा पाषाण अजिंठा किंवा कार्ले येथील पाषाणासारखा एकजिनसी नाही. ज्वालामुखीच्या राखेत लहानमोठे दगडी तुकडे घट्ट रुतून तो बनला आहे. अशा पृष्ठभागावर टाकी सरळ चालत नाही. मऊ भाग आधी झिजतो, कठीण तुकडे वर राहतात, आणि अक्षराची मूळ रेषा कोणती व खडकाची नैसर्गिक खाच कोणती याचा निर्णय करणे कठीण होते. त्यात कोकणचा पाऊस दरवर्षी चार महिने या भिंतींवर कोसळत असतो. बरेचसे लेख ओसरीच्या भिंतीवर अथवा पाण्याच्या टाक्याच्या वरच्या अंगास, म्हणजे सर्वांत उघड्या जागी कोरलेले आहेत.

दुसरी अडचण लिपी व भाषा यांची. बहुसंख्य लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत, काही थोडे संस्कृतात आहेत. नवव्या शतकातील लेखांची लिपी आणखी निराळी, आणि अकराव्या शतकातील काही लेख तर पहलवी लिपीत आहेत. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये अशोककालीन ब्राह्मीचे वाचन सिद्ध केले. तत्पूर्वी कान्हेरीस आलेल्या पोर्तुगीज, इंग्रज व फ्रेंच प्रवाशांनी लेण्यांची वर्णने लिहिली, लेख पाहिले, परंतु ते त्यांना मुके होते. प्रिन्सेपच्या शोधानंतर वाचनाचे दार उघडले खरे. तथापि गंगेच्या खोऱ्यातील स्तंभांवरील अक्षरे जाणणाऱ्यास पश्चिम किनाऱ्यावरील चार-पाच शतके नंतरची अक्षरे आपोआप कळतील, असे नव्हते.

तिसरी अडचण प्रवासाची. पश्चिमेकडील लोहमार्ग १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत आला. त्यापूर्वी मुंबईहून कान्हेरीस जाणे म्हणजे खाडी ओलांडून, बैलगाडीने व पायी, दाट रानातून मार्ग काढणे होय. एका खेपेत सर्व लेख पाहून होणे शक्यच नव्हते.

३

प्रिन्सेपच्या शोधानंतर दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, मुंबई सरकारच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. जेम्स बर्ड यांनी कान्हेरी येथील एक स्तूप उघडला. त्यात रक्षा व मौल्यवान वस्तू ठेवलेली ताम्रपात्रे आणि एक ताम्रपट मिळाला. त्रैकूटकांच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीचा, हा ताम्रपट पश्चिम भारताच्या कालगणनेचा एक मोलाचा आधार ठरला. बर्ड यांच्या उत्साहाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बौद्ध व जैन धर्मांच्या उगमाविषयी त्यांनी १८४७ मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला. तथापि त्यांनी दिलेले लेखांचे पाठ व अर्थ पुढे टिकले नाहीत. त्यांनी अर्थ आधी कल्पिला आणि अक्षरे त्याच्याशी जुळवून घेतली, असे त्यांच्या वाचनांवरून दिसते. केवळ आवेग असला आणि त्याला पुनःपरीक्षणाची जोड नसली म्हणजे काय होते, याचे हे पहिले उदाहरण होय. बर्ड यांच्यानंतर रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन यांनी लेफ्टनंट ब्रेट यांच्या नकलांवरून कान्हेरीचे लेख वाचण्याचा प्रयत्न केला. स्टीव्हन्सन हे संस्कृत व मराठी या दोन्ही भाषांचे जाणकार. परंतु नक्कल करणारा एक आणि वाचणारा दुसरा, अशी वाटणी झाल्याने नकलेतील प्रत्येक दोष वाचनात उतरला.

ही उणीव प्रथम ज्याने भरून काढली, तो एडवर्ड विल्यम वेस्ट (१८२४–१९०५) हा गृहस्थ विद्वान म्हणून भारतात आलाच नव्हता. १८४४ मध्ये तो मुंबईस उतरला तो कापूस दाबण्याच्या कारखान्यांची व्यवस्था पाहण्यासाठी. पुढे तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत अभियंता झाला व कालांतराने मुख्य अभियंत्याच्या पदावर पोहोचला. १८५२ च्या आरंभी त्याने कान्हेरीची लेणी प्रथम पाहिली. त्यानंतर नोकरीतून सवड मिळेल तेव्हा, आपला बंधू आर्थर याच्यासह, तो पुन्हा पुन्हा तेथे जात राहिला. या खेपांचे फलित म्हणजे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कान्हेरीच्या लेखांच्या नकला व लेण्यांचा आराखडा. सर्व लेण्यांना क्रमांक देऊन, कोणता लेख कोणत्या भिंतीवर आहे हे दाखविणारी ती पहिली पद्धतशीर मांडणी होती.

वेस्टने या लेखांचा अर्थ लावण्याची घाई केली नाही, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. जे दिसते ते आणि तेवढेच उतरावयाचे, ही आराखडे काढण्याच्या धंद्यातील शिस्त त्याने येथे लावली. पुढे डॉ. मार्टिन हौग यांच्या सहवासात त्याला पहलवी भाषेचा छंद जडला आणि तोच त्याच्या आयुष्याचा मुख्य उद्योग बनला. ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या प्रसिद्ध मालेत त्याच्या पहलवी भाषांतरांचे पाच खंड आहेत. ज्या डोंगरावर त्याने उमेदीच्या वयात ब्राह्मी अक्षरे उतरली, त्याच डोंगरावरील पहलवी लेखांचे वाचन त्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. इसवी सन १००९ व १०२१ मध्ये पारशी प्रवाशांच्या मंडळ्या कान्हेरीस येऊन गेल्या आणि त्यांनी आपली नावे व यज्दगर्दी शकाची वर्षे भिंतीवर कोरून ठेवली, ही गोष्ट त्यामुळे ज्ञात झाली. पश्चिम किनाऱ्यावरील पारशी समाजाच्या आरंभकाळाविषयी समकालीन साधने अत्यंत विरळ असल्यामुळे या चार ओळींचे मोल मोठे आहे.

४

वेस्टच्या नकला प्रसिद्ध होत होत्या त्याच सुमारास मुंबईत एका वैद्याच्या घरी प्राचीन लेखांच्या अभ्यासाचे एक केंद्र उभे राहत होते. डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांचा जन्म गोव्यातील मांद्रे येथला. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून पदवी घेऊन १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. कुष्ठरोगावरील त्यांचे औषधसंशोधन, स्त्रीशिक्षणास त्यांनी दिलेला पाठिंबा, १८६९ व १८७१ मध्ये त्यांनी भूषविलेले मुंबईच्या शेरिफचे पद, या गोष्टी सर्वपरिचित आहेत. त्यांच्या नावाने आज ओळखले जाणारे भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय त्यांच्या सार्वजनिक कार्याचे स्मारक होय.

परंतु त्यांच्या व्यासंगाचा खरा विषय भारताचा प्राचीन इतिहास हा होता. १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी गिरनार येथील महाक्षत्रप रुद्रदामा याचा शिलालेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा व आर्यभटाचा काळ अशा विषयांवर लेख प्रसिद्ध केले. परकीय विद्वानांच्या नकला व भाषांतरे यांवर विसंबून न राहता मूळ पाषाणापर्यंत जावयाचे, हे त्यांचे सूत्र. रुग्णांनी भरलेला दिवस संपल्यावर उरणाऱ्या वेळात ते हे काम करीत. देशभर हिंडणे त्यांना शक्य नव्हते. त्यासाठी त्यांना दुसरे डोळे व दुसरे पाय हवे होते. ते त्यांना जुनागडात मिळाले.

भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) हे जुनागडच्या प्रश्नोरा नागर कुटुंबातील. पारंपरिक संस्कृत शिक्षण एवढेच त्यांचे भांडवल. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर अशोक, रुद्रदामा व स्कंदगुप्त या तिघांचे लेख अंगावर वागविणारा जो प्रचंड पाषाण आहे, त्याने या मुलाचे कुतूहल चाळवले. प्रिन्सेपच्या अक्षरपटाची एक प्रत हाती आली आणि तिच्या आधाराने, कोणी गुरू नसताना, ते ब्राह्मी वाचावयास शिकले. प्रिन्सेपच्या पाठात आपल्याला दिसतात त्याहून निराळी अक्षरे आहेत, असे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. ‘रासमाला’कार किन्लॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीने त्यांचा भाऊ दाजींशी संबंध आला, आणि १८६२ च्या सुमारास ते मुंबईस येऊन राहिले.

तेथून पुढे बारा वर्षे हे दोघे एकत्र काम करीत होते. भगवानलालांनी अजिंठा, राजपुताना, मथुरा, बिहार, ओरिसा व नेपाळपर्यंत प्रवास करून लेखांचे ठसे व नकला आणल्या. खर्च भाऊ दाजींचा, श्रम भगवानलालांचे, आणि निष्कर्ष दोघांच्या चर्चेतून निघालेले. १८६५ मध्ये मुंबईतील शेअरच्या सट्ट्याचा फुगा फुटला, त्यात भाऊ दाजींचीही धूळधाण झाली. तरी संशोधनाचा हा उद्योग त्यांनी थांबविला नाही. एखादी गोष्ट पूर्ण निश्चित झाल्यावाचून प्रसिद्ध करावयाची नाही, हा त्यांचा कटाक्ष. या कटाक्षामुळे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जमविलेल्या सामग्रीचा मोठा भाग अप्रकाशित राहिला होता.

या सहकार्याकडे दोन दृष्टींनी पाहता येते. एका मताप्रमाणे आश्रयदात्याने आपल्या सहायकास घडविले, साधने दिली, जगाची ओळख करून दिली. दुसऱ्या मताप्रमाणे सहायकाच्या कष्टांचे श्रेय बराच काळ आश्रयदात्याच्या नावावर जमा झाले. दोन्ही मतांत तथ्य आहे. भाऊ दाजींनी भगवानलालांच्या साहाय्याचा उल्लेख लपविला नाही. तथापि त्या बारा वर्षांत विद्वत्सभांतून वाचले गेलेले निबंध भाऊ दाजींचे होते. भगवानलालांची खरी योग्यता जगाला कळली ती त्यांच्या पाठीवरील हा हात नाहीसा झाल्यानंतर. हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

५

भाऊ दाजींच्या मृत्यूच्या वेळी भगवानलाल पस्तिशीचे होते. त्यांना निश्चित उत्पन्न नव्हते आणि इंग्रजीत निबंध लिहिण्याइतके त्या भाषेवर प्रभुत्व नव्हते. या अवस्थेत दुसरा कोणी असता तर गावी परतून वैद्यकी अथवा पुराणिकपणा पत्करता. भगवानलालांनी गुजरातीत लिहिण्यास आरंभ केला. डॉ. ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी त्या लेखांची इंग्रजी भाषांतरे करून ती ‘इंडियन अँटिक्वरी’त छापविली. प्राचीन अंकचिन्हांचे मूल्य, नेपाळातील तेवीस लेख, आणि रुद्रदाम्याच्या लेखाचे सुधारलेले वाचन ही कामे १८७७ ते १८८० या अवधीत प्रसिद्ध झाली. ज्या पाषाणापाशी बालपणी अक्षरओळख झाली, त्याच पाषाणाचा शुद्ध पाठ त्यांनी अशा रीतीने अभ्यासकांच्या हाती दिला.

साष्टीच्या दृष्टीने त्यांचे यानंतरचे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस व भगवानलाल या दोघांच्या नावाने पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह निघाला. त्यात कान्हेरीच्या लेखांचे नवे पाठ आहेत. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये लेण्यांविषयीची माहिती प्रामुख्याने त्यांनी पुरविलेली आहे. गॅझेटियरमधील कान्हेरीचे वर्णन आजही वाचनीय वाटते, याचे कारण ते लेण्यांतून पायी हिंडणाऱ्याने सांगितलेले आहे. आज कांदिवलीच्या हद्दीत येणाऱ्या आकुर्ली गावाजवळच्या ‘पडण’ टेकडीवरील प्राचीन चिन्हे व अक्षरे यांवरही त्यांनी शूर्पारकाच्या अवशेषांबरोबर विस्तृत निबंध लिहिला. गुराख्यांखेरीज ज्या खडकाकडे कोणी पाहत नसे, तेथे बसून एकेक चिन्ह उतरण्याचा हा उद्योग होता.

१८८२ मध्येच त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला. एकात एक ठेवलेले करंडक, त्यांभोवती मांडलेल्या आठ लहान धातुमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक नाणे तेथे मिळाले. प्रत्येक वस्तू कोणत्या ठिकाणी, कोणत्या क्रमाने होती, याची नोंद त्यांनी निबंधात दिली आहे. बर्ड यांनी कान्हेरीचा स्तूप उघडला त्यानंतर त्रेचाळीस वर्षे लोटली होती. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या असता मधल्या काळात या शास्त्राने केवढा पल्ला गाठला हे कळते. हा पल्ला गाठणाऱ्यांमध्ये एक देशी पंडित अग्रभागी होता.

हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने १८८४ मध्ये भगवानलालांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. मुंबई विद्यापीठ त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. १८८८ च्या मार्च महिन्यात वाळकेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. मथुरेस १८६९ मध्ये शोधलेला सिंहशीर्ष त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिला.

६

या परिश्रमांतून इतिहासाच्या हाती नेमके काय आले, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कान्हेरी येथील एका पाण्याच्या पोढीवर एक त्रुटित संस्कृत लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पोढीचा तो दानलेख. त्यात वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णी याच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक राजकुळातील असून एका महाक्षत्रपाची कन्या होती, असे लेख सांगतो. त्या महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर ‘रु’ तेवढे शिल्लक आहे; पुढील भाग झिजून गेला आहे.

आता याच्या शेजारी गिरनारचा लेख ठेवावा. त्यात रुद्रदामा असे सांगतो की, दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोन वेळा उघड युद्धात जिंकले, परंतु संबंध जवळचा असल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. हा संबंध कोणता, याचा गिरनारच्या लेखात खुलासा नाही. तो खुलासा शेकडो कोस दूर, साष्टीच्या डोंगरातील एका टाक्यावर, एका अर्धवट शब्दात सापडतो. ‘रु’ म्हणजे रुद्रदामा होय, हे बहुतेक विद्वानांनी मान्य केले आहे. हा सातकर्णी आणि युद्धात पराभूत झालेला सातकर्णी एकच की निरनिराळे, याविषयी मतभेद आहेत. परंतु सातवाहन व क्षत्रप या परस्परांशी झगडणाऱ्या दोन घराण्यांत विवाहसंबंध झाला होता, ही गोष्ट या लेखामुळे प्रस्थापित झाली. एक अक्षर जर नकलेत चुकले असते, किंवा ‘कार्दमक’ हा शब्द कोणी आपल्या कल्पनेने दुरुस्त केला असता, तर हा दुवा कायमचा तुटला असता.

इतर लेखांनी सामान्य जनांचा इतिहास दिला. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह यज्ञश्रीच्या काळात गजसेन व गजमित्र या व्यापारी बंधूंच्या पुढाकाराने झाले. कल्याणच्या एका उपासकाने यज्ञश्रीच्या राज्यवर्ष सोळामध्ये लेणे व अक्षयनीवी दिली. एका दानलेखात ‘मगलठाण’ येथील शेताचा निर्देश आहे. बोरिवलीजवळचे मागाठाणे ते हेच. ज्या नावाची पाटी आज रस्त्यावरील बसथांब्यावर दिसते, ते नाव अठराशे वर्षांपूर्वी भिक्षुसंघास दिलेल्या शेताच्या नोंदीत आहे, ही गोष्ट उपनगराच्या रहिवाशांसही ठाऊक असावयास हवी. शके ७६५, ७७५ व ७९९ या वर्षांचे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राजवटीतील लेख डॉ. कीलहॉर्न यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. कोकणात तेव्हा शिलाहार मांडलिक नांदत होते, आणि दूर गौड देशातील एका उपासकाने कान्हेरीच्या संघास शंभर द्रम्मांची ठेव दिली होती, हे त्यांवरून समजते. हा विहार नवव्या शतकातही ओस पडला नव्हता, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होय.

७

एवढे झाल्यावर कान्हेरी वाचून संपली, असा समज विसाव्या शतकात रूढ होणे स्वाभाविक होते. तो समज खोटा ठरविण्याचे श्रेय पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील डॉ. शोभना गोखले (१९२८–२०१३) यांना आहे. ब्राह्मी लेख व नाणी हे त्यांचे विषय. मराठीत ‘पुराभिलेखविद्या’ हा ग्रंथ लिहून त्यांनी या शास्त्राची गोडी मराठी विद्यार्थ्यांना लावली. सर्व लेख पुन्हा मुळावरून तपासावयाचे, या निश्चयाने त्या कान्हेरीच्या डोंगरावर हिंडल्या.

कान्हेरीच्या एका बाजूस पुढे आलेल्या कड्याखाली एक लांबलचक मोकळी ओवरी आहे. तेथे विटांच्या लहान लहान स्तूपांचे अनेक पाये आहेत. हे भिक्षूंचे स्मशान असावे, असे एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी ओळखले होते. परंतु विटांच्या ढिगाऱ्यापलीकडे तेथे काही विशेष असेल अशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. १९७५ मध्ये शोभनाबाईंना तेथील विखुरलेल्या दगडी अवशेषांवर कोरलेले लहान लेख आढळले. ते त्या स्तूपांत ज्यांच्या अस्थी ठेवल्या होत्या त्या थेरांचे स्मृतिलेख होते. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने साधनेत गाठलेली पायरी, कोणी अर्हत्, कोणी अनागामी, अशी नमूद केलेली आहे. तोपर्यंतच्या कान्हेरीच्या इतिहासात दात्यांचीच नावे होती. ज्यांच्यासाठी लेणी खोदली गेली, त्या भिक्षूंपैकी कित्येकांची नावे या शोधाने प्रथमच कळली. संघ आपल्या मृत आचार्यांचे स्मरण कसे करीत असे, या प्रश्नास प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

कान्हेरीच्या लेखांचा त्यांनी केलेला समग्र संग्रह डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रकाशित केला. वेस्टच्या नकलांना तेव्हा एकशे तीस वर्षे झाली होती.

८

या पाच व्यक्तींचे स्वभाव, साधने व परिस्थिती अगदी भिन्न होत्या. बर्ड यांना अधिकार होता, वेस्टला अवजारांची शिस्त होती, भाऊ दाजींना धन व प्रतिष्ठा, भगवानलालांना केवळ डोळ्यांची व पायांची शक्ती, शोभनाबाईंना शास्त्राचे रीतसर शिक्षण. ध्यास सर्वांनाच होता. तरी त्यांच्या कार्याचे फळ सारखे नाही. जेथे ध्यासाने निष्कर्षाकडे धाव घेतली तेथे तो वाया गेला, आणि जेथे त्याने माणसास पुन्हा पाषाणाकडे परत नेले तेथे तो फलद्रूप झाला. आधीच्या विद्वानाचा पाठ समोर असताना, तो आदराने वाचून, तरीही डोंगर चढून ती भिंत स्वतः पाहणे. आणि आपल्या नंतर येणारा आपलीही चूक काढील हे जाणून, जे दिसले तेवढेच लिहिणे, हा या परंपरेतील उत्तम कार्याचा समान विशेष आहे.

श्रेयाच्या वाटणीत मात्र इतिहास नेहमी न्यायी असतोच असे नाही. भाऊ दाजींच्या नावाने मुंबईत एक वस्तुसंग्रहालय उभे आहे, आणि ते योग्यच आहे. मुंबईच्या उपनगरांचा प्राचीन इतिहास ज्याने सर्वांहून अधिक पायपीट करून मिळविला, त्या भगवानलालांचे नाव विशेषज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. त्यांचे गुजराती लेखन भाषांतरकारांच्या इंग्रजीतून जगापुढे गेले, हेही याचे एक कारण असावे. देशी भाषांतून केलेले संशोधन दुय्यम मानण्याची सवय अद्याप सर्वस्वी गेलेली नाही, तोपर्यंत त्यांचे उदाहरण पुन्हा पुन्हा सांगणे अगत्याचे आहे.

कान्हेरीचा डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते. पावसाचे पाणी मात्र पूर्वीप्रमाणेच भिंतींवरून वाहत असते, आणि अक्षरांचे काठ दरवर्षी थोडे आणखी बोथट होतात. १८६१ च्या नकलेत जे अक्षर पूर्ण आहे ते आज किती उरले आहे, हे ताडून पाहण्याचे काम लेणे क्रमांकानुसार कोणाही पदव्युत्तर विद्यार्थ्यास हाती घेता येईल. त्यासाठी ब्राह्मीचे बऱ्यापैकी ज्ञान, जुन्या नकलांच्या प्रती, सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश, आणि एकाच भिंतीकडे अनेक वेळा जाण्याची तयारी एवढीच सामग्री पुरेशी आहे.